आमची वाटचाल : हिरवा रंग न घालता

पुदिन्याचं खरं सिरप हिरवंगार नसतं. फिकट पिवळसर असतं, ठेवणीतलं झालं की किंचित तपकिरी दिसतं. आमच्या धंद्याची गोष्ट या रंगाभोवतीच फिरली, म्हणून आधी हे सांगितलं.

सुरुवात घरच्या ओट्यावर, मी आणि वहिनी. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं, वजनकाटा, मलमलचं कापड आणि पहिल्या कमाईतून घेतलेला रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबभर सिरपवरून साखरेचं प्रमाण दाखवणारं यंत्र. वाटीनं साखर मोजणाऱ्याचं सिरप दर खेपेला वेगळं होतं, काटाच हवा. साखर आणि पाणी वजनाने समसमान घेतलं की 50 ब्रिक्स (म्हणजे शंभर ग्रॅम सिरपमध्ये पन्नास ग्रॅम साखर), साखर दुप्पट घेतली की 67च्या जवळपास. ताजी पानं आपलं पाणी सोडतात, त्यामुळे गाळल्यावर पुन्हा बघायचं. रिफ्रॅक्टोमीटरला डिस्टिल्ड पाण्यावर शून्य लावायचं, सिरप गार झालं की काचेवर थेंब टाकायचा, उजेडाकडे धरायचं. प्रत्येक घाण्याला हे आजही मी स्वतः करतो, दुसऱ्यावर सोडत नाही.

वास मात्र वहिनींचा प्रांत. पुदिना, तुळस गॅस बंद केल्यावरच घालायची आणि वर झाकण. रोझमेरी, थाइम यांच्या काड्यांना थोडा वेळ मंद आच चालते. पानं कधी काढायची ते घड्याळ नाही, वहिनींचं नाक ठरवायचं. आणि पानं पिळायची नाहीत, हा त्यांचा दंडक. पिळली की कडवटपणा उतरतो, सिरप गढूळ होतं.

मग एक मोठं गिऱ्हाईक आलं. त्यांना पातळ, 50 ब्रिक्सचंच सिरप हवं होतं, थंड पेयात चटकन मिसळतं म्हणून. इतक्या साखरेवर यीस्ट सहज वाढतं. बाटलीवर ठळक अक्षरांत ‘फ्रिजमध्येच ठेवावे’ छापलं होतं, तोंडीही बजावलं होतं. त्यांनी खोकी गोदामात रचली, भर उन्हाळ्यात. सिरप आंबलं, गॅस धरला, झाकणं उडाली. सगळा माल परत आला आणि आधीच्या मालाचे पैसेही अडकले. साखरवाल्याची उधारी, बाटल्यांची उधारी डोक्यावर.

त्याच सुमारास, आमच्याकडे बाटल्या भरायला शिकलेल्या एकाने स्वतःचा माल काढला. इसेन्स आणि हिरवा रंग, त्यात एक पान नाही, पण लेबलवर पुदिन्याची जुडी. दुकानदार आम्हालाच विचारायचे, तुमचं असं मळकट का? आम्ही सांगत राहिलो : उष्णतेने आणि आंबटपणाने हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं, हिरव्याचा शेवाळी होतो, चव जात नाही. ऐकून घ्यायला कोण थांबतो? रंग घाला, असं घरातूनही सुचवलं गेलं. घातला नाही. आजही त्याचा अभिमान आहे.

तेव्हा आम्हाला तारलं ते पेयांचं छोटं दुकान चालवणाऱ्या एका ताईंनी. त्या आमच्या अगदी पहिल्या गिऱ्हाईक. मोसमभराच्या मालाचे पैसे त्यांनी आगाऊ दिले आणि म्हणाल्या, “दाट द्या, मी माझं पातळ करून घेईन.” त्यांच्या शब्दावर 65 ब्रिक्सचा माल सुरू झाला, तोच आमचा मुख्य माल ठरला. पुढची वर्षं नीट गेली.

घरी करणाऱ्यांनी दोन गोष्टी जरूर कराव्यात. दुप्पट साखरेचं सिरप फ्रिजमध्ये खडे धरतं, म्हणून शिजतानाच थोडा लिंबूरस घालावा. त्याने काही साखर ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये फुटते आणि ती दोन्ही खडे धरू देत नाहीत. आणि गरम सिरप गरम बाटलीतच भरून, झाकण लावून बाटली जरा वेळ आडवी करावी. एरवी झाकणाखाली वाफेचं पाणी साचून वरचा थर पातळ होतो आणि बुरशी तिथेच पहिल्यांदा येते. पान शोभेला बाटलीत ठेवू नका. बुडबुडे दिसले तर चाखूनही बघू नका, ओतून द्या.

पातळ माल आता फक्त फ्रिज असलेल्यांनाच, तोही रोखीने. त्या मोठ्या गिऱ्हाइकाकडून मध्यंतरी पुन्हा विचारणा आली होती. आधीचं बिल चुकतं करा, मग दर सांगतो, असं कळवलं. अजून उत्तर आलेलं नाही.