बाचाहोनच्या मिशनमध्ये हिशेब लिहिताना

मेक्सिकोत मिशनमध्ये वर्षभर स्वयंसेवक म्हणून राहून आले, हे कळलं की वसईत प्रश्न ठरलेले. "दिवसभर तिकडे करायचीस काय?" आणि "भीती नाही वाटली?" देवळाबाहेर उभ्या उभ्या पुरं उत्तर देता येत नाही, म्हणून लिहिते आहे. पुढेमागे कुणाला जायचं असेल तर त्यालाही उपयोग होईल.

चिआपास हे मेक्सिकोचं दक्षिणेकडचं, ग्वातेमालाला लागून असलेलं राज्य. त्याच्या उत्तरेकडच्या डोंगरांत बाचाहोन आहे. इथले लोक माया, भाषा त्सेल्ताल. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे फादर इथे १९५८ पासून आहेत. मी ना नर्स ना शिक्षिका. माझी उभी नोकरी सहकारी बँकेत गेली. पण मिशनच्या आधाराने उभ्या राहिलेल्या कॉफी उत्पादकांच्या संस्थेला हिशेबाला बसणारं माणूस हवं होतं, आणि खतावणी मला झोपेतही लिहिता येते.

आधी कागदपत्रं. मिशनचं निमंत्रणपत्र, निवृत्तिवेतनाचे दाखले आणि दिल्लीच्या वकिलातीत मुलाखत. पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा १८० दिवस चालतो, पण तो फक्त एकदा आत शिरण्यापुरता. आत गेल्यावर ३० दिवसांच्या आत स्थलांतर कार्यालयात जाऊन तात्पुरत्या रहिवासाचं कार्ड काढायला सुरुवात करावी लागते. विमानतळावरचा अधिकारी शिक्का मारत असेल तेव्हा तिथेच उभं राहून बघा: रहिवासी म्हणून ३० दिवस लिहिलेत की पर्यटक म्हणून १८०. पर्यटकाचा शिक्का बसला तर पुढे निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात. बाकी अर्ज, बँकेत भरायचं शुल्क, बोटांचे ठसे, झेरॉक्स, रांग, पुन्हा झेरॉक्स. काउंटरच्या आतल्या बाजूला आयुष्य काढलेल्या बाईला बाहेरच्या बाजूला बसून राहायलाही जमलं.

स्पॅनिश मी घरीच शिकून गेले होते. कार्यालयात आणि बाजारात ते चाललं. मिशनच्या स्वयंपाकघरात मात्र बाया आपसांत त्सेल्तालच बोलत, आणि वयस्कर बायांना स्पॅनिश माझ्याइतकंच येई, म्हणजे तोडकंमोडकं. मला सगळे 'मेतिक' म्हणत. वडीलधाऱ्या बाईला तिथे तसंच म्हणतात, पुरुषाला 'तातिक'. मुलंबाळं काय, फादर काय, नावाने मला कुणी हाक मारलीच नाही.

दिवस पहाटे मक्यापासून सुरू होई. मक्याचे कोरडे दाणे आदल्या संध्याकाळी चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसेच ठेवायचे. सकाळी दाणे पिवळेजर्द झालेले असतात आणि हाताने चोळले की साल सुटते. तीन-चार पाण्यांतून धुवायचे, टेबलाला घट्ट आवळलेल्या हातगिरणीतून काढायचे, मग पाट्यावर पुन्हा बारीक करायचे. चुन्यामुळे नुसतीच साल सुटत नाही, तर पीठ एकजीव होतं आणि मक्यातलं एक जीवनसत्त्व, नायसिन, शरीराला मिळण्याजोगं होतं. युरोपने मका नेला पण चुना नेला नाही, म्हणून तिकडे नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा त्या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा रोग झाला. स्वयंपाकघरातल्या बायांनी पेलाग्राचं नावही ऐकलेलं नव्हतं. चुना कमी पडला की पीठ तुटतं, एवढं त्यांना पुरेसं होतं. त्याच पिठाचा गोळा पानात बांधून पुरुष शेतावर नेतात आणि दुपारी पाण्यात कालवून पितात. त्याला पोसोल म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो आंबतो आणि तसाच जास्त आवडतो. मला शेवटपर्यंत ताजाच आवडला.

न्याहारीला घेवडा, दुपारी घेवडा, रात्रीही घेवडाच. सोबत तोर्तिया, म्हणजे त्या पिठाच्या पातळ भाकऱ्या, मिरची, कधी अंडं. स्वयंपाकाच्या पाळीत माझा दिवस आला की वरण-भात व्हायचा. वरणाला 'पातळ घेवडा' म्हणत आणि वर तोर्तिया मागून घेत. कपडे अंगणातल्या दगडावर धुवायचे, आणि त्या भागात पाऊस थांबायचं नाव घेत नाही म्हणून चार-चार दिवस वाळत घालायचे. स्वयंसेवकाच्या दिवसातला निम्मा वेळ असा आपलं आपण निभावण्यातच जातो. पत्रकात हे कुणी छापत नाही.

खरं काम डिसेंबरपासून मार्चपर्यंत, कॉफीच्या तोडणीला. लाल फळ तोडून त्याच दिवशी यंत्रात घालून गर काढायचा, बिया रात्रभर आंबू द्यायच्या म्हणजे चिकटा सुटतो, मग धुऊन उन्हात पसरायच्या. वाळल्यावर बीभोवती कागदासारखं पातळ टरफल राहतं, त्यासकट पोत्यांत भरून ती संस्थेत येते. ओल बारा टक्क्यांच्या आसपास हवी. जास्त राहिली तर बुरशी धरते, फार वाळली तर बी फुटते. आमच्या घरी सुकेळी होत. राजेळी केळी मांडवावर घालायची, उलटायची, ढग दिसला की धावत जाऊन झाकायची, यात माझं बालपण गेलं. त्यामुळे पडवीत बसल्या बसल्या 'पाऊस येतोय' असं आधी मीच ओरडायचे, आणि संस्थेत माझा पहिला मान त्यामुळे वाढला, खतावणीमुळे नव्हे.

खतावणीचा प्रश्न वेगळाच निघाला. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करार कोसळला, भाव पडले, आणि मेक्सिकोतली कॉफी खरेदी करणारी सरकारी संस्थाही त्याच सुमारास गुंडाळायला सुरुवात झाली. डोंगरातला शेतकरी दारात येणाऱ्या दलालाच्या हाती गेला. दलालाला तिथे 'कोयोते' म्हणतात. त्याला उत्तर म्हणून ठिकठिकाणी सहकारी संस्था निघाल्या. आमच्या संस्थेत पोतं आलं की उचल मिळायची आणि कॉफी विकली गेल्यावर उरलेली रक्कम. पडत्या बाजारात ही व्यवस्था शेतकऱ्याला सांभाळते. पण मी गेले त्या हंगामात ब्राझीलमधल्या दुष्काळामुळे भाव वाढतच राहिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अराबिका जातीची कॉफी पौंडाला ४ डॉलरच्या वर गेली, तोवरचा उच्चांक. मग कोयोते नोटांची गड्डी घेऊनच दारात येऊ लागला. संस्थेची उचल ठरली होती जुन्या अंदाजाने. सभासदांची पोती येईनात.

बँकेतल्या माझ्या मनाला लगेच दंडाचं कलम सुचलं: कबूल केलेला माल न घातल्यास अमुक टक्के. बैठक बसली. तिथल्या बैठकीचं सांगितलंच पाहिजे. कुणीतरी विषय मांडतो आणि मग सगळे एकदमच बोलायला लागतात, आपापल्या शेजाऱ्याशी, हळू आवाजात. घोंगावल्यासारखा आवाज भरून राहतो. बऱ्याच वेळाने तो आपोआप ओसरतो, वयस्कर तातिक उठून कोण काय म्हणालं ते सांगतो, आणि पटलं नसेल तर पुन्हा घोंगावणं. हात वर करून मतदान नाही. तो विषय सकाळी निघाला आणि पोसोल पिऊन झाल्यावरही चालूच होता. शेवटी ठरलं ते असं: ज्याच्या घरी आजारपण किंवा कर्ज आहे त्याने काही पोती रोखीत विकावीत, पण प्रत्येकाने काहीतरी संस्थेला घालावं, म्हणजे पुढच्या वर्षी भाव पडला तर संस्था उभी असेल. कुणाला दंड नाही. किती पोती ते ज्याचं त्याने सांगायचं, सगळ्यांसमोर. मी ते आकडे वहीत घेतले. बोललेले आकडे बहुतेकांनी पाळले. कलम घातलं असतं तर इतकी वसुली झाली नसती, हे मी वसुलीच्या टेबलावर बसलेली बाई म्हणून सांगते.

आता भीतीचं. मी पोहोचून थोडेच दिवस झाले होते. २० ऑक्टोबर २०२४ ला सान क्रिस्तोबाल शहरात फादर मार्सेलो पेरेस मिस्सा आटोपून निघाले आणि त्यांच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या. ते स्वतः त्सोत्सिल या दुसऱ्या माया समाजातले, हिंसाचाराविरुद्ध उघड बोलणारे. त्याआधी २०२२ मध्ये उत्तरेकडे तारावमारा डोंगरात दोन वृद्ध जेझुइटांना चर्चमध्येच मारलं होतं. घरून रोज फोन, परत ये म्हणून. मिशनमधले नियम साधे होते: अंधार पडल्यावर रस्त्यावर नाही, निघताना आणि पोहोचल्यावर कळवायचं, रस्त्यावर दोरी आडवी बांधून वर्गणी मागत असतील तर हुज्जत न घालता द्यायची. मी ते पाळले. भीती होतीच. पण ज्या बाया माझ्यासोबत मका धूत होत्या त्यांना परत जायला दुसरं घर नव्हतं, त्यामुळे त्यांच्यासमोर भीतीचा विषय काढायला लाज वाटे.

रविवारची मिस्सा हा माझ्यासाठी वेगळाच अनुभव. जमिनीवर पाइनची पानं अंथरलेली, कोपाल नावाच्या धुपाचा धूर, वीणेसारखं वाजणारं हार्प. मध्ये माया वेदी: पूर्वेला लाल मेणबत्ती, पश्चिमेला काळी, उत्तरेला पांढरी, दक्षिणेला पिवळी. प्रार्थनेच्या वेळी सगळे गुडघ्यांवर बसतात आणि प्रत्येकजण आपली प्रार्थना मोठ्याने, एकाच वेळी म्हणतो. बैठकीतलं घोंगावणं कुठून आलं ते तेव्हा कळलं. डीकन, म्हणजे फादरच्या खालची दीक्षा घेतलेला सेवक, इथे विवाहित असतो आणि त्याची बायको सेवेत त्याच्याबरोबर उभी राहते. बिशप सामुएल रुइस यांच्या काळात, १९६० ते २००० मध्ये, अशा डीकनांची मोठी फळी उभी राहिली. मग रोमने नव्या दीक्षा थांबवल्या त्या २०१४ पर्यंत. मी तिथे असतानाच, नोव्हेंबर २०२४ मध्ये, जागच्या जागी पावलं टाकून केलेलं प्रार्थनानृत्य आणि स्त्रियांनी धूप दाखवणं याला रोमची मान्यता आल्याची बातमी आली. बायांना विचारलं तर म्हणाल्या, आम्ही कधी थांबलो होतो?

५ फेब्रुवारीला मेक्सिकोत सान फेलिपे दे हेसुस यांचा सण. मेक्सिकोचे पहिले संत, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेलेल्या सव्वीस जणांपैकी एक. त्याच सव्वीस जणांत आमच्या वसईचे गोन्सालो गार्सिया. दोघेही फ्रान्सिस्कन संघाचे, दोघांनाही संतपद १८६२ मध्येच. जेवताना मी हे सांगितलं तेव्हा मेक्सिको सिटीहून आलेल्या सिस्टरने घास हातात धरूनच ऐकलं. कुएर्नावाकाच्या कॅथीड्रलमध्ये भिंतीवर या हुतात्म्यांची जुनी चित्रं आहेत, असं तिनेच मला सांगितलं, आणि परतीच्या वाटेवर मी ती पाहून आले. गोन्सालो नेमके कोणते ते ओळखू आलं नाही. सगळे सारखेच उभे आहेत.

जायचं असेल तर वर्षाहून कमी काळासाठी जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत. पहिले काही महिने मिशनच तुम्हाला पोसतं, शिकवतं, शहरात कार्डासाठी पोहोचवतं. तीन आठवडे येऊन भिंत रंगवून फोटो काढून जाणाऱ्यांची सोय लावण्यात तिथल्या माणसांचा वेळ जातो, आणि भिंती त्यांना स्वतः रंगवता येतात. स्पॅनिश शिकून जा, एखादं खरं काम हातात असू द्या, आणि त्या कामाचा वारसदार पहिल्या महिन्यापासून शोधा.

मला दोन मुली मिळाल्या, सभासदांच्याच. नोंदी त्यांनी त्सेल्तालमध्ये ठेवायच्या ठरवल्या, बेरजा मात्र सगळीकडे सारख्याच. कार्डाची मुदत वर्षाची होती आणि वाढवून मिळत होती. सप्टेंबरच्या अखेरीला सान हेरोनिमोचा सण जवळ आला तेव्हा त्या दोघींनी हंगामाचा ताळेबंद स्वतः जुळवला आणि मला तपासायला दिला. चाळीस पेसोंचा फरक मला सापडला. त्यांनी तो आधीच पेन्सिलीने समासात लिहून ठेवला होता, कारणासकट. मी मुदत वाढवली नाही.