खंजिरी भजनांच्या कॅसेटी: लेबल लावताना

गावोगावच्या भजन मंडळांकडच्या कॅसेटी डिजिटल फायलींत उतरवायला एकत्र आल्या की सगळ्यात जास्त घोळ नावांचा होतो. शेवटच्या कडव्यात ‘तुकड्यादास’ ऐकू आलं की फायलीला ‘तुकडोजी महाराजांच्या आवाजात’ असं नाव पडतं. ती नाममुद्रा रचनाकाराची. गाणारा वरुड-मोर्शीकडचा कुणी गुरुदेवभक्तही असू शकतो. महाराजांचं निर्वाण १९६८ सालचं, आणि आपल्या खेड्यांत टेपरेकॉर्डर सर्रास दिसू लागले ते बऱ्याच वर्षांनी. घरगुती कॅसेटवर त्यांचा आवाज असलाच, तर ती बहुधा रेडिओवरून, स्पूलवरून (मोठ्या रिळाच्या टेपवरून) किंवा तबकडीवरून उतरवलेली नक्कल असते. तशी नोंद करा.

म्हणून तक्त्यात रचनाकार, मुख्य गायक आणि मंडळ हे तीन वेगळे रकाने हवेत. शिवाय ‘कव्हरवर जसं आहे तसं’ हा रकाना, अशुद्ध लेखनासकट. ऐकून ओळखलेलं त्याच्या शेजारी, आणि ओळखणाऱ्याचं नाव. माहीत नसेल तर जागा रिकामी सोडा. अंदाजाने टाकलेलं नाव या फोनवरून त्या फोनवर जातं आणि पुढे तेच खरं धरलं जातं.

गावासोबत तालुका लिहाच. कव्हरवर ‘आमगाव, जि. भंडारा’ असेल तर ती चूक समजू नका. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये वेगळा झाला. तसाच गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून, वाशीम १९९८ मध्ये अकोल्यातून. कव्हरवरचा जिल्हा कधीकधी कॅसेटीचं वयही सांगतो. आजचा जिल्हा वेगळ्या रकान्यात ठेवा.

नंबर कव्हरवर आणि कॅसेटीच्या अंगावरही हवा, कारण कव्हरांची अदलाबदल ठरलेलीच. जुन्या लेबलवर नवं चिकटवू नका, आधी फोटो काढा. फायलीचं नाव छोटं, ‘मोझ-०४७-अ’ असं. बाकी सगळं तक्त्यात आणि टॅगमध्ये. आकडे एकाच लिपीत, नाहीतर क्रम तुटतो. जुन्या डीटीपी (छपाईसाठीच्या) फॉन्टमधल्या याद्या आधी युनिकोडमध्ये आणा, त्याशिवाय शोध चालत नाही.

कॅसेट लावण्याआधी मागच्या कडेच्या दोन्ही प्लास्टिकच्या चिपा तोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर डेकमध्ये (कॅसेट वाजवायच्या यंत्रात) घालूच नका. ती हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) लागून पुढच्या कॅसेटीवर जाते. बुरशी नसेल तर एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे फिरवा. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि हेडचा स्क्रू टाळांचा आवाज सगळ्यात लख्ख येईल तिथे आणा. हे प्रत्येक कॅसेटीला करावं लागतं. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ वेव्ह फाइल तासाला साधारण १ जीबी होते. संग्रहात फ्लॅक (आवाज न बिघडवता लहान केलेली फाइल) ठेवलं तर जागा बरीच वाचते आणि आवाज जसाच्या तसा राहतो.

वेगाकडे नीट लक्ष द्या. सेल उतरलेल्या टेपरेकॉर्डरवर केलेलं रेकॉर्डिंग चांगल्या डेकवर जास्त वेगाने पळतं. एकाच भजनात पेटीची पट्टी हळूहळू चढत गेली तर कारण सेल. गायकाने पट्टी बदलली असेल तर ती एकदम बदलते. दुरुस्ती प्रतीवर करा, किती टक्के केली ते लिहा, मूळ फाइल तशीच राहू द्या.

आणि भजनाआधीची माइकवरची घोषणा कापू नका. गाव, मंडळ, कार्यक्रम, कधीकधी सालसुद्धा, तिथेच बोललेलं असतं.