लिंकचा दिवा लागला म्हणजे पिना बरोबर लागल्या असं नाही

बोर्डवर इथरनेट चालू करताना जॅकवरचा हिरवा दिवा लागला की वाटतं पिनांचं काम झालं, आता राहिलं ते सॉफ्टवेअर, आणि मग माणूस टीसीपी-आयपी स्टॅक उकरत बसतो. पण लिंक ठरते फाय चिप (केबलवरचे सिग्नल सांभाळणारी चिप) आणि केबलच्या पलीकडचा स्विच यांच्यात, कंट्रोलरला, म्हणजे आपला कोड चालवणाऱ्या चिपला, त्यात कुणी विचारतही नाही. बऱ्याच फाय तर पॉवर आणि क्लॉक मिळाला की कंट्रोलर कोरा असला तरी लिंक आणतात.

कंट्रोलर आणि फायमधे दोन वेगळे रस्ते असतात. एक एमडीसी-एमडीआयओ, दोन तारांचा, फक्त फायची रजिस्टर वाचायला-लिहायला. दुसरा खऱ्या डेटाचा, आरएमआयआय (कमी तारांची डेटा-जोडणी) असेल तर टीएक्सडी०, टीएक्सडी१, टीएक्स एनेबल, आरएक्सडी०, आरएक्सडी१, सीआरएस-डीव्ही आणि ५० मेगाहर्ट्झचा रेफरन्स क्लॉक. एक रस्ता चालला म्हणून दुसरा चालतोय असं अजिबात धरू नका.

सुरुवात एमडीआयओपासून करा. रजिस्टर २ आणि ३ मधे फायचा आयडी असतो, पत्ता ० ते ३१ पैकी काहीही असू शकतो, सगळे स्कॅन करा. सगळीकडे एफएफएफएफ आलं तर त्या लाइनवर कुणी बोलतच नाहीये, एकतर पिन चुकीची किंवा फाय रिसेटमधेच अडकलेली.

आयडी नीट आला की क्लॉक, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. ५० मेगाहर्ट्झ कोण देतंय, फाय, कंट्रोलर की वेगळा ऑसिलेटर, हे स्कीमॅटिक उघडून बघा, अंदाज नको. एसटीएम३२एफ४ या कंट्रोलरवर रेफरन्स क्लॉक पीए१ वर येतो, तो नसेल तर डीएमएचा (डेटा परस्पर मेमरीत नेणाऱ्या भागाचा) सॉफ्टवेअर रिसेट बिट कधी क्लिअरच होत नाही आणि कोड तिथेच लूपमधे फिरत राहतो. या पिनांना एएफ११ (पिनेला इथरनेटचं काम देणारं अल्टरनेट फंक्शन) लागतो, आउटपुट पिनांचा स्पीड सगळ्यात वरचा ठेवा, आणि आरएमआयआय निवडायचा बिट मॅकचे (कंट्रोलरमधल्या इथरनेट भागाचे) क्लॉक चालू करायच्या आधी लिहा.

ईएसपी३२ या कंट्रोलरची गंमत वेगळी आहे. तिथे एमडीसी-एमडीआयओ कुठल्याही मोकळ्या आउटपुट पिनवर नेता येतात पण डेटाच्या पिना ठरलेल्या, १९, २२, २१ पाठवायला आणि २५, २६, २७ घ्यायला. बाहेरून क्लॉक घ्यायचा तर जीपीआयओ०, आणि नेमकी तीच बूटची पिन, रिसेट सुटताना लो दिसली की चिप डाउनलोड मोडमधे (नवा प्रोग्रॅम घ्यायच्या अवस्थेत) जाते. म्हणून काही बोर्डांवर ऑसिलेटरची एनेबल पिन वेगळ्या जीपीआयओवर दिलेली असते, आधी बूट होऊ द्यायचं मग क्लॉक सोडायचा. क्लॉक चिपमधूनच १६ किंवा १७ वरून काढायचा विचार असेल तर मॉड्यूलवर पीएसरॅम (जादा मेमरी) आहे का बघा, रोव्हर मॉड्यूलमधे त्या दोन पिना पीएसरॅमनेच घेतलेल्या असतात.

पुढे आरएक्सचे काउंटर वाढतायत पण समोरच्याला आपला एआरपी (आयपी पत्त्यावरून हार्डवेअरचा पत्ता विचारणारा संदेश) पोचत नसेल तर पाठवायच्या तीन पिना बघा, त्यातही टीएक्स एनेबल आधी.

आता स्ट्रॅप, ज्याकडे फार कमी लोक बघतात. रिसेट सुटताना फाय आपल्याच काही पिना वाचून मोड आणि पत्ता ठरवते. लॅन८७२० या फायमधे आरएक्सडी०, आरएक्सडी१ आणि सीआरएस-डीव्ही या तीन पिनाच मोड ठरवतात, आत पुल-अप आहे म्हणून काही न करता ऑटो-निगोशिएशन (दोन्ही टोकांनी स्पीड-डुप्लेक्स आपसांत ठरवणं) मिळतं. पण त्या वेळी कंट्रोलरने तिथे पुल-डाउन लावून ठेवला असेल तर मोड भलताच वाचला जाऊ शकतो, तिन्ही शून्य वाचले तर १० एमबीपीएस हाफ डुप्लेक्स आणि ऑटो-निगोशिएशन बंद. लिंक तरीही येते, दिवाही लागतो! म्हणून आधी त्या पिनांचे पुल काढा, मग फायला रिसेट द्या, आणि लिंक आल्यावर स्पीड-डुप्लेक्स रजिस्टरमधून वाचून बघा.