पंखा जोरात, वारा गार

इचलकरंजीत कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याचं निम्मं काम ब्लोअरचं. यंत्रमागांवरून उडालेले कापसाचे तंतू पंख्यातून आत जातात आणि हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये नमद्यासारखे थापून बसतात. तापणारं मशीन आलं की उघडायचं, फुंकायचं, प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलून द्यायची.

सूत व्यापाऱ्यांची खाती लिहिणाऱ्या एका मॅडमचा डेस्कटॉप असाच तापून बंद पडायचा, पण तो मात्र उघडता येत नव्हता. नामांकित कंपनीचं मशीन, तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी, त्यातली निम्मी अजून शिल्लक आणि कॅबिनेटच्या स्क्रूवर सील. ते फाटलं की कंपनी हात वर करते. "तुम्ही उघडा की ओ, वीस तारीख तोंडावर आलीय, जीएसटीचे थ्री-बी रिटर्न भरायचेत," मॅडम म्हणाल्या. मी सीलला हात लावला नाही. बाहेरून काय कळतंय ते आधी बघू म्हटलं.

बाहेरून बरंच कळतं. पेनड्राइव्हवरून एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर चालवलं. मशीन काही काम न करता नुसतं सुरू असतानाच प्रोसेसर ६० अंशांच्या आसपास. लोड दिला, म्हणजे प्रोसेसरला जड काम लावलं, आणि दोन-तीन सेकंदांत १००. लोड काढला की तितक्याच झटक्यात खाली. पाती तंतूंनी बुजली असतील तर असं होत नाही. तेव्हा सगळा हीटसिंक आधी हळूहळू तापतो, आकडा काही मिनिटं चढत राहतो आणि उतरतानाही वेळ घेतो. इथे आलेख सरळ उभा चढत होता. कॅबिनेटच्या जाळीवर हात धरला. पंखा पूर्ण वेगात, वारा जोरात, पण खोलीतल्या हवेइतकाच गार. बुजलेल्या हीटसिंकमधून वारा कमी येतो आणि गरम येतो. म्हणजे उष्णता प्रोसेसरमधून कूलरपर्यंत, म्हणजे हीटसिंक-पंख्याच्या जोडीपर्यंत, पोचतच नव्हती. कूलर नीट टेकलेला नाही, हे मी त्या जाळीपाशीच मॅडमना सांगितलं.

कंपनीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तर आधी विंडोज रीसेट करा म्हणाले. जे मशीन रीसेट पूर्ण व्हायच्या आत बंद पडतं त्यावर रीसेट! कॉल नोंदवून घ्यायलाच दोन-तीन माणसांशी तेच ते बोलावं लागलं.

कोल्हापूरहून इंजिनिअर आला त्या दिवशी मी मुद्दाम मॅडमच्या ऑफिसात जाऊन थांबलो. त्याने सील काढलं, पंख्यावरचे तंतू पाहिले, फोटो घेतला आणि रिपोर्टवर लिहिलं: धुळीमुळे बिघाड, वॉरंटीत बसत नाही. मशीन सुरू करूनही बघितलं नव्हतं. इचलकरंजीत विकायचं आणि धूळ चालणार नाही म्हणायचं, हे मला कधीच पटलेलं नाही.

"साहेब, एकदा लोड देऊन हीटसिंकच्या पात्यांना हात लावा," मी म्हटलं. स्क्रीनवर १०० आणि पाती जेमतेम कोमट. त्याचा चेहरा बदलला. मशीन बंद करून त्याने कूलर धरून हलवला, तर एक कोपरा डुगडुगला. या कूलरला दाबून बसवायच्या चार पुश-पिना असतात. तिरक्या समोरासमोरच्या दोन-दोन दाबत जायचं आणि प्रत्येक पिनेचा 'खट' ऐकायचा. पिनेचे दुभंगलेले पाय मदरबोर्डाच्या मागे फाकले, तरच ती धरते. इथे चौथ्या पिनेचा पाय दुमडून भोकातच अडकलेला, पलीकडे गेलेलाच नव्हता. कूलर उचलला. कारखान्यात लावलेल्या पेस्टचा एका बाजूचा पट्टा चेपून पसरलेला, दुसऱ्या बाजूचा लावला तेव्हा होता तसाच, कडा शाबूत. मशीन खोक्यातून निघालं तेव्हापासून अर्धवटच टेकलेलं होतं. त्या पेस्टचा फोटो मी काढून ठेवला.

पोरगा वाईट नव्हता. नवा कूलर त्याने वॉरंटीतच मागवून बसवला आणि आता पूर्ण लोडला मशीन सत्तरच्या आत-बाहेर राहतं. तोवर मॅडमनी माझ्या दुकानातल्या मशीनवर बसून थ्री-बी भरले. पण पहिला रिपोर्ट बदलता येत नाही म्हणाला. त्याच्या ॲपमध्ये कारणांची यादी येते, तिच्यात 'जोडणी सदोष' हा पर्यायच नाही. दिवसाचे कॉल संपवायचे असतात, समोर दिसते ती धूळ, मग तो तीच निवडतो. असे किती लोक धुळीचा शिक्का घेऊन पदरचे पैसे भरत असतील, याचा विचार डोक्यातून जात नाही. शंभर रुपयांच्या पेस्टचं आणि दहा मिनिटांचं काम, पण ते करणाऱ्यालाच सील अडवतं आणि सील तोडायचा अधिकार ज्याला, त्याला बघायला वेळ नाही.

मॅडमनी १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, तक्रार केली. 'पार्ट बदलून दिला आहे' असं कंपनीने कळवलं आणि तक्रार बंद झाली. रिपोर्टवरची धुळीची ओळ तशीच आहे. दीड वर्ष हा प्रोसेसर पुन्हा पुन्हा १०० अंशांना भिडलाय. उद्या तो किंवा बोर्ड गेला, तर कंपनी तीच ओळ पुढे करणार. म्हणून आलेख, पेस्टचा फोटो आणि कूलर बदलल्याची पावती मी मॅडमच्या मेलवर पाठवलीय आणि आम्ही नवी तक्रार लिहितोय, फक्त ती ओळ काढून टाकावी एवढ्यासाठी.