बाळाच्या सामानाच्या दुकानासाठी ग्राहकांचे अभिप्राय गोळा करताना: माझा अनुभव

मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्याला आमचे दुकान आहे. झबली, टोपरी, लंगोट, दुपटी, मच्छरदाण्या, पाळणे आणि सांगितल्यास पूर्ण बाळंतविडा, असे सामान आम्ही ठेवतो. उपचारांसाठी मिरजेला येणाऱ्यांत कर्नाटकातली माणसे पुष्कळ असतात, त्यामुळे आमचे निम्मे ग्राहक परगावचे असतात आणि ते दुकान शोधतात ते गूगलच्या नकाशावर. तीन वर्षांपूर्वी तिथे आमच्या नावापुढे अवघे अकरा अभिप्राय होते. त्यातला एक एका ताऱ्याचा होता आणि त्याखाली एक शब्दही लिहिलेला नव्हता. पुण्याहून फोन करणाऱ्या एका ताईंनी तो पाहून विचारले, "तुमच्याकडे काही गडबड झाली होती का?" त्या दिवसापासून मी या कामाला लागले.

सुरुवात चुकीची झाली, ती आधी सांगते. जाहिरातीची कामे करणाऱ्या एका गृहस्थाने वीस चांगले अभिप्राय मिळवून देतो म्हणून पैसे मागितले आणि आम्ही ते दिले. दोन दिवसांत वीस जणांनी पाच-पाच तारे दिले. सगळे इंग्रजीत, सगळे दोन ओळींचे, आणि लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्याच आठवड्यात दूरदूरच्या शहरांतल्या टायरच्या दुकानांची व हॉटेलांचीही तशीच स्तुती केलेली. आमच्या सासूबाईंनी चाळीस वर्षे या गल्लीत उधारीची वही विश्वासावर चालवली आहे. त्यांनी एवढेच विचारले, "यातलं एक तरी बाळ आपण पाहिलंय का?" काही अभिप्राय गूगलनेच काढून टाकले, उरलेल्यांची तक्रार मी स्वतः केली. त्यानंतर मी नियम नीट वाचले. पैसे किंवा सवलत देऊन अभिप्राय घेणे गूगलला चालत नाही, आणि ज्यांची खूश असल्याची खात्री आहे अशाच ग्राहकांना निवडून विचारणेही चालत नाही. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक काढले, त्याचाही रोख तोच आहे. ते मुख्यतः अभिप्राय प्रसिद्ध करणाऱ्या संकेतस्थळांसाठी असले, तरी दुकानदाराने ते वाचावे असे मला मनापासून वाटते. गल्ल्याजवळ लावलेली 'अभिप्राय दाखवा, ५० रुपये सूट मिळवा' ही पाटी मी त्याच संध्याकाळी उतरवली.

मग प्रश्न उरला तो विचारायचे केव्हा आणि कसे. बिल देतानाच क्यूआर कोड पुढे केला, तर माणसे भिडेखातर तारे देतात. पण झबले अजून पिशवीत असते, ते धुतलेले नसते आणि बाळाच्या अंगावर चढलेले नसते, मग त्याविषयी सांगणार काय? म्हणून बिलासोबत कोडची चिठ्ठी द्यायची आणि पंधरा दिवसांनी व्हॉट्सॲपवर एकच संदेश पाठवायचा, असे ठरवले. बिलासाठी दिलेला नंबर संदेशांसाठी गृहीत धरायचा नाही, तोंडी विचारून वहीत त्यापुढे खूण करायची, हेही तेव्हाच ठरले. संदेशात 'आम्हाला अभिप्राय द्या' असे न लिहिता मी लिहीत असे, 'बाळाला झबले कसे बसले? दोन-तीन धुण्यांनंतर कापड कसे राहिले?' प्रश्न नेमका असला की उत्तरही नेमके येते, हे मला लगेच दिसले.

या पद्धतीत एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. आपल्याकडे बाळ जन्माला येण्याआधी त्याचे कपडे घेऊ नयेत असे पुष्कळ घरांत मानतात, पण हल्ली दवाखान्याची पिशवी भरताना दोन-चार जोड घेऊन ठेवणारेही बरेच आहेत. अशाच एका घरी पंधराव्या दिवशी माझा संदेश गेला. रात्री उत्तर आले, 'बाळ राहिलं नाही.' त्याखाली काहीच नव्हते. मी बराच वेळ तो फोन हातात धरून बसले. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्या घरी फोन केला, माझ्या संदेशाबद्दल माफी मागितली, आणि कपडे परत आणून देण्याचेही कष्ट घेऊ नका, पैसे पाठवते, एवढे सांगितले. त्या दिवसापासून बाळंतपणाआधीच्या खरेदीला आम्ही वहीत वेगळी खूण करतो आणि त्या नंबरावर आपणहून काहीही पाठवत नाही. चिठ्ठी मात्र सगळ्यांना सारखीच देतो. बाळ घरी आल्यावर त्यांना वाटले तर ते लिहितील. अभिप्राय कमी आले तरी चालतील, पण तसा संदेश पुन्हा कोणाकडे जाता कामा नये.

दुसरी अडचण लिहिण्याची होती. बाळाला न्हाऊ-माखू घालणारी आणि कपडा पारखणारी असते आजी, आणि फोनवर टाइप करायचा तिला कंटाळा येतो. गूगलच्या कीबोर्डवर माइकची खूण दाबून मराठीत बोलले की अक्षरे उमटतात, हे मी चिठ्ठीच्या मागे चित्र काढून दाखवले. त्यानंतर 'दुपटं मोठं हाय, पायापर्यंत गुंडाळता येतं' अशा बोलीत अभिप्राय येऊ लागले. त्यांची भाषा मी कधीही सुधारून मागितली नाही.

दूध पाजायच्या बाटल्यांबाबत मात्र आम्ही अभिप्राय मागत नाही, आणि कोणी आपणहून कौतुक केले तरी ते दुकानाच्या स्टेटसला लावत नाही. बाटल्या, बाळाच्या दुधाची पावडर आणि दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीचे तयार अन्न यांच्या जाहिरातीला १९९२च्या कायद्याने मनाई आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. मला तो कायदा योग्य वाटतो.

सर्वांत जास्त उपयोग झाला तो तीन ताऱ्यांच्या एका अभिप्रायाचा. कवलापूरच्या एका आईने लिहिले होते की कापड मऊ आहे, पण मानेमागचे लेबल टोचते आणि बाळाच्या मानेवर लाल चट्टा उठला. मी त्याच गठ्ठ्यातले एक झबले काढून लेबल मनगटाच्या आतल्या बाजूला घासून पाहिले. नायलॉनची ती पट्टी मशिनवर गरम सुरीने कापलेली होती आणि तिचा कोपरा काट्यासारखा कडक झाला होता. हजार वेळा ते झबले हाताळूनही मला तो कोपरा जाणवला नव्हता. इचलकरंजीच्या ज्या ताई आम्हाला कपडे शिवून देतात, त्यांना मी ते झबले नेऊन दाखवले. आता सुती पट्टी खालच्या शिवणीत, बाहेरच्या बाजूने लावली जाते. अभिप्रायाखाली मी उत्तर लिहिले की आपले म्हणणे बरोबर आहे, जुना माल आम्ही काढून घेतला आहे, आपले झबले कधीही बदलून न्यावे. त्यांनी झबले बदलून नेले. तारे तीनच ठेवले, आणि ते वाढवा असे मी म्हटले नाही.

शब्दाविना दिलेला तो एक तारा अजूनही तिथेच आहे. नियम मोडणारा मजकूर असेल तरच गूगल तो काढते, केवळ आपल्याला न आवडल्याने काढत नाही. मी त्याखाली, काय चुकले ते कळवावे, अशी विनंती लिहून ठेवली आहे. आता अभिप्राय दोनशेच्या पुढे गेले आहेत, काही कानडीत आहेत, आणि ते वाचून दाखवायला शेजारच्या औषधाच्या दुकानातला मुलगा येतो. काल त्याने अथणीच्या एका आजींचा वाचून दाखवला. मच्छरदाणीची चेन महिनाभरात अडकू लागली आहे, असे त्यांनी लिहिले आहे. त्याच गठ्ठ्यातल्या उरलेल्या सात मच्छरदाण्या मी आज फळीवरून खाली काढल्या आणि एकेकीची चेन वीस-वीस वेळा उघडून पाहते आहे.