पेनड्राईव्हवरची की आणि माझे वाया गेलेले दोन तास

नवा लॅपटॉप घेतला, उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं, बाकी सगळं अर्ध्या तासात झालं त्यामुळे ते सांगत बसत नाही. गाडी अडली ती एसएसएच कीपाशी, म्हणजे दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायला लागते त्या गुप्त किल्लीच्या फाइलपाशी. की पेनड्राईव्हवर होती, म्हटलं तिथूनच वापरू, कशाला कॉपी करत बसा. तर एसएसएच म्हणतं परमिशन ०६४४ आहे (म्हणजे मालकाशिवाय बाकीचेही फाइल वाचू शकतात), फारच मोकळी आहे, ही की मी घेणार नाही. बरं बाबा, सीएचमॉड ६०० मारला, म्हणजे परमिशन बदलायची कमांड, फक्त मालकाने वाचा-लिहायचं. एरर नाही, काही नाही. परत लॉगिन, परत तेच रडगाणं. एलएस करून (फाइलींची यादी काढून) बघतो तर परमिशन जशीच्या तशी! सुडो लावून, म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, मारला, पेनड्राईव्ह काढून परत घातला, कीचं नाव बदललं (का ते विचारू नका), ढिम्म. अरे नाही जमत तर नाही म्हण ना, मान डोलवायची आणि करायचं काहीच नाही हे कुठलं वागणं.

तर पेनड्राईव्हचा फॉरमॅट, म्हणजे फाइली साठवायची पद्धत, होती फॅट३२. फॅटचा जन्म १९७७ चा, एक माणूस एक मशीन असा हिशोब, फाइलच्या नोंदीत रीड-ओन्ली, हिडन असल्या खुणा आहेत पण मालक कोण हे लिहायला जागाच नाही. लिनक्स माउंट करताना, म्हणजे पेनड्राईव्ह सिस्टिमला जोडून घेताना, मालक आणि परमिशन आपल्या मनाने चिकटवतं, मग माझं ६०० लिहिणार कुठे? आणि एसएसएच पडलं युनिक्स या लिनक्सच्या पूर्वजाच्या घरातलं, एका मशीनवर दहा जण बसलेले, त्यामुळे शेजाऱ्यावर संशय. माझ्या लॅपटॉपवर शेजारी कोण, मी एकटा! बरं ६०० केलं तरी मी चालवलेला कुठलाही फालतू प्रोग्रॅम माझ्याच नावाने चालतो, तो की आरामात वाचणार, त्याला कोण अडवतंय?

शेवटी की लॅपटॉपवरच्या माझ्या होम फोल्डरमध्ये कॉपी केली, तिथे ६०० मारला, दोन सेकंदांत काम. पेनड्राईव्हवरूनच वापरायची असेल तर माउंट करतानाच युआयडी (मालकाचा नंबर) आपला द्या आणि युमास्क ०७७, म्हणजे बाकी सगळ्यांना दार बंद. आणि कीला पासफ्रेज, म्हणजे पासवर्ड, लावा हो, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं.

हां, अजून एक, चिडून पेनड्राईव्ह ईएक्सटी४ (मालक आणि परमिशन लिहून ठेवणारा लिनक्सचा फॉरमॅट) करू नका. मी केला आणि ताईच्या मशीनला लावला. फाइलवर मालकाचं नाव नसतं, नुसता नंबर असतो, माझा १०००. तिच्या मशीनवर १००० म्हणजे ताई, मी १००१. माझ्याच फाइलींना मला परमिशन डिनाइड, आणि ताईने पहिली उघडली ती माझी सॅलरी स्लिप.