आमची वाटचाल: रंगाच्या पडद्यापासून ४०५ नॅनोमीटरपर्यंत

पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीत हवेतला वायू मोजणारी आमची पहिली पेटी आम्ही बनवली ती अमोनियासाठी. सच्छिद्र टेफ्लॉनच्या पडद्यावर ब्रोमोफिनॉल ब्लू बसवलेला. अमोनिया लागला की पिवळा पडदा निळा होत जातो. ५९० नॅनोमीटर तरंगलांबीच्या एलईडीचा उजेड त्यातून किती पार होतो ते मोजायचं. शेजारी ८५० नॅनोमीटरचा दुसरा एलईडी. त्या तरंगलांबीवर हा रंग उजेड शोषत नाही, त्यामुळे पडदा नुसता धुळीने मळला असेल तर कळतं. कोंबड्यांच्या शेडमध्ये, जिथे अमोनिया काही पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) ते २५ पीपीएमपर्यंत असतो, ही पेटी आजही चांगलं काम करते. रस्त्याकडेच्या हवेसाठी मात्र ती आम्ही देत नाही. दमट हवेत पडदा पाणी धरतो आणि त्याची संवेदनशीलताच बदलते. सतत उजेडात ठेवला तर रंग विटतो, म्हणून एलईडी क्षणभरच पेटवावा लागतो.

नायट्रोजन डायऑक्साइडसाठी रंग सोडला आणि वायूचंच शोषण मोजायला घेतलं. ४०५ नॅनोमीटरचा एलईडी, कोपऱ्यांत आरसे लावून दुमडलेली २ मीटरची नळी, टोकाला उजेड मोजणारा फोटोडायोड. देशाच्या मानकात २४ तासांची मर्यादा ८० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, म्हणजे २५ अंशाला साधारण ४३ पीपीबी (अब्जात ४३ भाग). एवढ्या वायूने २ मीटरमध्ये उजेड घटतो तो दहा हजारांत जेमतेम सव्वा भाग. एलईडीचं तापमान जरासं हललं तरी त्याहून मोठा फरक पडतो. म्हणून दर ५ सेकंदांनी झडप फिरवून हवा एकदा थेट आणि एकदा हा वायू काढून टाकणाऱ्या कोळशाच्या गाळणीतून घ्यायची, आणि दोन्हींचं गुणोत्तर काढायचं.

खरी परीक्षा जूनमध्ये झाली. कोळसा ओलावा धरतो आणि सोडतो, त्यामुळे दोन्ही वाटांच्या हवेत आर्द्रता वेगळी. नळीच्या भिंतींवर आणि काचांवर पाण्याचा थर कमीजास्त झाला की परावर्तन बदलतं आणि नसलेला वायू दिसू लागतो. पाण्याची वाफ ४०५ला शोषत नाही, तेवढ्यावर विसंबलो ही आमची चूक. मोजणीच्या नळीच्या तोंडाशी नाफिऑनची, म्हणजे पाण्याची वाफ आरपार जाऊ देणाऱ्या प्लास्टिकची, नळी बसवली. ती दोन्हीकडची आर्द्रता बाहेरच्या हवेशी जुळवते. मग झिरो, म्हणजे वायू नसतानाचा आकडा, स्थिर झाला.

दुसरी गोष्ट हवा आत आणणाऱ्या नळीची. वाहनांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड ओझोनशी भिडला की नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो, आणि नळीतल्या अंधारात उन्हाने होणारं त्याचं विघटन थांबलेलं असतं. ६ मिलिमीटर पोकळीची ३ मीटर नळी, मिनिटाला १ लिटर हवा: आत ५ सेकंद जातात. चौकात १०० पीपीबी नायट्रिक ऑक्साइड आणि ४० पीपीबी ओझोन असेल तर तेवढ्यात जवळजवळ ८ पीपीबी नळीतच तयार होतो. आता ४ मिलिमीटरची, दीड मीटरच्या आत, तीही टेफ्लॉनचीच. पीव्हीसी किंवा सिलिकॉनची नळी ग्राहकाने जोडली तर आम्ही आकड्याची हमी देत नाही. तोंडाशी ५ मायक्रॉनची टेफ्लॉन गाळणी. ती काळी पडली की स्वतःच ओझोन खाते, तेव्हा बदलायचीच.

दाबमापक स्वस्त असतो, तेव्हा तो टाळू नका, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, त्यामुळे इथे हवा विरळ. समुद्रसपाटीला जुळवलेलं यंत्र दाबाची दुरुस्ती न करता इथे लावलं तर ६ ते ७ टक्के कमी दाखवतं.

सध्या ओझोनची पेटी चाचणीच्या बाकावर आहे. ४०५ला नायट्रोजन डायऑक्साइड जेवढा उजेड शोषतो त्याच्या जवळजवळ वीसपट ओझोन २५५ नॅनोमीटरला शोषतो, त्यामुळे ३० सेंटिमीटरची सरळ नळी पुरते. तिथे ओझोन काढायला मँगनीज डायऑक्साइडची गाळणी लागते, आणि ती रंगकामातली ॲरोमॅटिक (बेंझिनच्या जातीची) वाफही धरते. ती वाफ मग ओझोन म्हणून मोजली जाते. म्हणून ताज्या रंगाच्या भिंतीजवळ ही पेटी बसवायची नाही, ही सूचना झाकणाच्या आतल्या बाजूला छापली आहे.